विवरकाठची वेचणी

१९७१ सालच्या डिसेंबरात पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही सरहद्दींवर युद्ध पेटले तेव्हा मी मुंबईत चित्रकला शिकत होतो. आणि ढाक्याची शरणागती होऊन काही आठवडे लोटतात न लोटतात तोच ‘वेचणी’ नावाचे एक तैलचित्र मी पुरे केले. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ मी रंगांच्या संगतीत घालविला. त्या दीर्घ कालावधीत हातून उतरलेल्या चित्रांपैकी कित्येक आज मला परक्याची वाटतात, काहींपुढे उभे राहावेसेही वाटत नाही. परंतु अननुभवी हाताने, अपुऱ्या रंगांनिशी आणि जवळजवळ ज्वर चढलेल्या मनःस्थितीत काढलेले ते एक चित्र मात्र अद्याप सर्वस्वी माझे आहे, आणि त्यातील एकही रेषा मागे घेण्याची इच्छा मला कधी झालेली नाही.

चित्रात लोणारचे विवर आहे. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना त्याची वर्तुळाकार कड, आत उतरत गेलेले झाडीचे उतार आणि तळाशी निश्चल पसरलेले खारे पाणी तत्काळ ओळखू येते. मात्र ते पाणी मी हिरवे न रंगविता गेरूसारखे लाल रंगविले. उतारावर जेथे वस्तुतः रानझाडे आहेत तेथे पऱ्हाटीच्या ओळीच्या ओळी असून तिची बोंडे मुठीएवढी फुटली आहेत. त्या ओळींतून बाया वेचणी करीत चालल्या आहेत, कमरेला खोचलेल्या पदरांच्या त्यांच्या ओट्या तुडुंब फुगल्या आहेत. पण बोंडातून जी निघते आहे ती रुई नसून जखमेवर बांधण्याची पांढरी, लांबच लांब पट्टी आहे, आणि तिचे सुटलेले पदर उतारावरून ओघळत थेट त्या लाल पाण्यापर्यंत पोचले आहेत. सरोवराच्या मध्यभागी एक दगडी दारचौकट भिंतीवाचून उभी आहे व तिच्या कोयंड्याला टपालवाल्याची खाकी पिशवी टांगलेली आहे. आकाशातून, जेथे विमाने असावयाची तेथून, धान्य पाखडण्याची सुपे शिस्तीने रांग धरून चालली आहेत. माणसांपैकी कोणालाही चेहरा नाही. दूर कडेवर उभ्या असलेल्या एका बैलाला मात्र आहे, आणि तो आपल्याकडे पाहतो आहे. डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात एक खरेखुरे टपाल तिकीट चिकटविले असून त्याच्या कडा रंगात बुडविल्या आहेत.

या तिकिटाची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे, कारण चित्राचा जन्म तेथूनच झाला. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे घरदार टाकून भारतात आली आणि त्यांच्या अन्नवस्त्राचा भार सरकारी खजिन्याला पेलवेना, तेव्हा १५ नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर नेहमीच्या हशिलाखेरीज पाच पैशांचे एक जादा तिकीट लावणे सक्तीचे करण्यात आले. घाईच्या त्या दिवसांत, कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी काढलेले जे पाच पैशांचे तिकीट चलनात होते त्याच्यावरच शरणार्थींच्या साहाय्याचा ठसा उमटवून ते विक्रीस ठेवले गेले. ज्या चिमुकल्या कागदावर सुखी आणि आटोपशीर संसाराचा उपदेश होता, त्याच कागदावर संसार उधळून गेलेल्या एका अफाट जनसमुदायाची काळी मुद्रा! ज्या कोणा अधिकाऱ्याने हा हुकूम सोडला त्याने तो निव्वळ सोय पाहून सोडला असेल. परंतु परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन वस्तू एकाच पृष्ठावर आणून ठेवल्या असता त्यांच्यातून तिसराच, अंगावर काटा आणणारा अर्थ उद्भवतो, हे तत्त्व पॅरिसच्या अतिवास्तववाद्यांच्या जाहीरनाम्यातून मला जितके उमगले नव्हते तितके त्या तिकिटाने उमगले.

ते तिकीट लावलेले पत्र मेहकर तालुक्यातील आमच्या गावाहून वडिलांनी पाठविले होते. हरभरा बरा आहे, तुरीला शेंग धरली आहे, डाव्या बैलाच्या खांद्याला आवाळू झाले आहे, असा सारा मजकूर नित्याप्रमाणे लिहून झाल्यावर, शेवटी जागा उरली म्हणून लिहावे तशा एका ओळीत त्यांनी कळविले होते की शेजारच्या घरी सरकारी तार आली. ज्या घरी ती आली त्या घरच्या मुलाबरोबर मी एकाच विहिरीत पोहायला शिकलो होतो. मुंबईत त्या रात्री अंधारपट होता. दिव्यांभोवती काळा कागद गुंडाळला होता आणि खोलीच्या मध्यभागी तेवढे एक वाटोळे उजेडाचे कुंडाळे पडत होते. त्या कुंडाळ्यात ते पाकीट ठेवून मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. युद्ध मी पाहिले नव्हते. तोफ पाहिली नव्हती, खंदक पाहिला नव्हता, युद्धात पडलेल्या माणसाचे शव पाहिले नव्हते. मी पाहिले होते ते पाच पैशांचे तिकीट, काळ्या कागदात कोंडलेला दिवा आणि वडिलांच्या संथ, मोडी वळणाच्या अक्षरातील एक ओळ.

ज्याने युद्ध पाहिले नाही त्याला युद्धाचे चित्र काढण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न मला त्या रात्री पडला आणि तेव्हापासून तो माझा पिच्छा सोडीत नाही. रणांगणाचे यथातथ्य चित्र मी काढू शकलो असतो. वृत्तपत्रांतील छायाचित्रे उपलब्ध होती आणि मानवी देहाचे रेखन मला बरे साधत असे. पण ते सारे ऐकीव साक्षीसारखे झाले असते, आणि ऐकीव साक्ष न्यायासनापुढे टिकत नाही. जे मी स्वतः अनुभवले होते ते असे होते की, माझ्या परिचयाच्या वस्तू जागच्या जागी असूनही आपल्या जागेवरून ढळल्या होत्या: चौकट होती, पण तिच्यातून आत येणारा कधीच येणार नव्हता, टपालवाल्याची पिशवी होती, पण तिच्याकडे गावात आता कोणी आनंदाने पाहत नव्हते, शेतात कापूस होता, आणि तो पांढरा असणेच मला असह्य झाले होते. वस्तूंचे हे स्थानभ्रष्ट होणे रंगवावयाचे तर स्वप्नाची रीत धरण्यावाचून दुसरा मार्ग मला दिसेना. ज्या जिल्ह्यात युद्ध तोफेच्या आवाजाने येत नाही, कागदाच्या रूपाने येते, त्या जिल्ह्यातील माणसाने युद्धाविषयी प्रामाणिकपणे जे सांगावयाचे ते याच रीतीने सांगता येते, अशी माझी तेव्हा समजूत झाली आणि आजही ती कायम आहे.

चित्र मुंबईत मांडले गेले तेव्हा एका जाणकार गृहस्थांनी ते परप्रांतीचे उसने वाण असल्याचा अभिप्राय दिला. साल्वादोर दालीच्या मऊ, वितळत्या आकारांची छाया त्यांना त्यात दिसली, आणि वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या मुलाने स्पेनमधील दुःस्वप्ने पाहण्याचे कारण काय, असे त्यांनी विचारले. दाली मी पाहिला होता, तो अर्थात पुस्तकांतील छापील चित्रांतून, हे खरे; परंतु अतिवास्तववाद ही केवळ रंगवण्याची एक तऱ्हा असून ती विलायती कापडासारखी आयात होते, हा समज मला तेव्हाही मान्य नव्हता. त्या पंथाचा उगम कोठे आहे ते पाहावे. आंद्रे ब्रेताँ हा वैद्यकीचा तरुण विद्यार्थी पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, फ्रान्समधील सँ-दिझिए येथील मनोरुग्ण सैनिकांच्या केंद्रात नेमणुकीवर होता. तेथे त्याला एक सैनिक भेटला, ज्याची अशी दृढ खात्री होती की हे युद्ध मुळी चाललेलेच नाही, तोफगोळे खोटे आहेत, जखमा रंगरंगोटीच्या आहेत आणि प्रेते कोठून तरी आणून मांडलेली आहेत. ज्याने प्रत्यक्ष खंदकात उभे राहून मृत्यूचा वर्षाव पाहिला त्याच्याच बुद्धीने त्या दृश्याची साक्ष स्वीकारण्याचे नाकारले! पुढे १९२४ साली ब्रेताँने जो जाहीरनामा प्रसिद्ध केला त्याच्या पाठीमागे हा सैनिक उभा आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. माक्स अर्न्स्टनेही जर्मन तोफखान्यात नोकरी केली होती. ही माणसे स्वप्नांकडे वळली ती चैन म्हणून वळली नाहीत. जागेपणी जे पाहिले ते जागेपणीच्या भाषेत सांगणे त्यांना अशक्य झाले होते.

आणि दुःस्वप्ने रंगविण्यासाठी स्पेनपर्यंत जाण्याची आम्हाला गरजही नव्हती. आमच्या जिल्ह्यातून जी डोंगररांग जाते तिचेच नाव अजिंठा आहे. बुलढाण्याहून सकाळी निघालेला माणूस दुपारपूर्वी त्या लेण्यांत उभा असतो. शाळेत असताना आम्हाला तेथे नेले होते. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीपुढे सारे प्रेक्षक थांबतात, आणि थांबावे असाच तो आहे. पण मी थांबलो तो गर्भगृहापुढच्या दालनातील डाव्या भिंतीशी, जेथे मध्यभागी बुद्ध भूमीला स्पर्श करून बसला आहे आणि त्याच्याभोवती माराची सेना उसळली आहे. विक्राळ तोंडांचे, पशूंच्या मुखांचे, शस्त्रे परजलेले, डोळे वटारलेले असे नाना प्रकारचे देह एकमेकांत मिसळून त्या स्थिर आकृतीवर चाल करून येत आहेत. ज्या चित्रकाराने ही भिंत रंगविली त्याने कोणत्या राजाची कोणती लढाई पाहिली होती हे सांगता येणार नाही. पण सैन्य म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते, आणि ते सांगण्यासाठी त्याने माणसाच्या धडावर पशूचे तोंड बसविले. बुद्धावर टाकलेली अस्त्रे त्याच्यापाशी पोचता पोचता फुले झाली अशी कथा आहे. शस्त्राचे फूल होणे आणि बोंडातून पट्टी निघणे या दोन कल्पनांचे कूळ एकच आहे, असे मी त्या गृहस्थांना तेव्हा सांगू शकलो नाही. वय लहान होते आणि समोर बसलेली मंडळी थोर होती.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात चित्र गुंडाळून मी गावी आणले आणि ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवले. पाहावयास जे आले त्यांत माझी आत्या होती. तिचे सारे आयुष्य वेचणीत गेले होते. चित्र म्हणून काही पाहण्याचा प्रसंग तिला देवादिकांच्या तसबिरींपलीकडे आलेला नव्हता. ती पुष्कळ वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, “बापू, पऱ्हाटी तं बराबर काहाडली तू. पन आपल्या देशी कापसाचं नाही हे बोंड, अमेरिकनचं हाय. एवढं मोठं बोंड देशीले येतच नाही.” मग पुढे वाकून, ओटीकडे बोट दाखवून तिने विचारले, “अन् ह्या बाया जे वेचू रायल्या ते जखमेले बांधाची पट्टी हाय ना? मंग हे मोजून कोन घेईन?”

वेचणीची मजुरी वजनावर मिळते. सांजवेळी जिची तिची वेचणी ताजव्यात पडते, आकडा बोलला जातो आणि त्याप्रमाणे पैसे हाती येतात. जे वेचले ते कोणी तरी मोजून घेतले पाहिजे, ही तिच्या व्यवहाराची पहिली अट होती. आणि माझ्या चित्रातील बाया जे गोळा करीत होत्या ते मोजून घेणारा, त्याचा हिशेब ठेवणारा, त्याबद्दल कोणाला काही देणे लागणारा असा कोणीही त्या चित्रात नव्हता. इतकी नेमकी समीक्षा त्या चित्राच्या वाट्याला पुन्हा आली नाही.

बोंड अमेरिकन आहे हे तिचे म्हणणेही मी तेव्हा कौतुकाने ऐकून सोडून दिले होते. त्याचा अर्थ पुढे, बुलढाण्यात नोकरीनिमित्त स्थायिक झाल्यावर, जिल्ह्याचे जुने गॅझेटियर आणि वऱ्हाडच्या कापसाविषयीचा पत्रव्यवहार वाचताना उलगडत गेला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, आणि ज्या मळ्यांत गुलामांच्या हातून कापूस पिकविला जात होता त्यांतील गाठी लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेनाशा झाल्या. तिकडे गिरण्यांची चाके थांबली, मजूर उपाशी पडले. आणि ती चाके चालू ठेवण्यासाठी विलायती व्यापाऱ्यांची दृष्टी ज्या मुलखांकडे वळली त्यांत वऱ्हाडची काळी जमीन होती. बनी आणि जरी या आमच्या देशी जातींपैकी विशेषतः जरीचा धागा आखूड म्हणून एरवी दुय्यम लेखला जाई. तोच कापूस आता चढत्या भावाने खरेदी होऊ लागला. खामगावची पेठ त्या तेजीत वाढली. मुख्य लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा नागपूरच्या रोखाने पुढे गेल्यावर जलंबपासून खामगावपर्यंत एक खास शाखा टाकण्यात आली, आणि १८७० साली तिच्या उद्घाटनासाठी गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो जातीने आले. एका तालुक्याच्या गावी, कापसाच्या गाठींसाठी, हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी! विलायतेला हवे असलेले लांब धाग्याचे अमेरिकन बियाणे या देशात रुजविण्याचे प्रयत्न तर त्याही आधीपासून चालू होते. १८६५ साली ते युद्ध संपले, भाव कोसळला, मुंबईत कित्येक पेढ्या बुडाल्या. परंतु वऱ्हाडच्या वावरांनी ज्वारीची जागा कापसाला देण्याची जी रीत धरली ती काही सुटली नाही. सात समुद्रांपलीकडच्या एका युद्धाने आमच्या शेतांची पेरणी ठरविली, आणि आम्ही पिढ्यान्पिढ्या त्या युद्धाची वेचणी करीत आलो.

या वाचनात आणखी एक गोष्ट हाती आली, आणि ती वाचली त्या दिवशी मला काम सुचले नाही. १८४६ साली शेनबाइन या बाझल येथील रसायनशास्त्रज्ञाने साधा कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात भिजवून त्याचे एक स्फोटक तयार केले; पुढे बंदुकीच्या धूरविरहित दारूचा तोच पाया ठरला. तशाच तऱ्हेने आम्लांत भिजविलेला कापूस ईथर आणि मद्यार्कात विरघळविला असता एक चिकट, पारदर्शक द्रव तयार होतो, त्याला कोलोडियन म्हणतात. आणि पुढच्या काही वर्षांतच वैद्य तो जखमेचे तोंड बंद करण्यासाठी वापरू लागले. पहिल्या महायुद्धात तर सरकीला चिकटून राहणारी आखूड लव, जी जिनात रुईबरोबर निघत नाही, तीही दारूच्या कारखान्यांना हवी झाली. म्हणजे जखम करणारी वस्तू आणि जखम बांधणारी वस्तू ही एकाच बोंडातून येते! मी ते चित्र काढले तेव्हा यांतील काहीही मला ज्ञात नव्हते. बोंडातून पट्टी निघते हे मला दिसले होते, आणि ते एका शेजारच्या घरच्या शोकामुळे दिसले होते. त्याला रसायनशास्त्राचा आधार सापडावा, ही गोष्ट मला सुखावण्याऐवजी अस्वस्थ करून गेली.

आमच्या मुलखाचा महसुली इतिहास पाहिला तर तोही याच सूत्रात ओवलेला दिसतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आमच्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, भोकरदनजवळ असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा वेलस्लीने पराभव केला. नोव्हेंबरात अडगावची लढाई झाली. आणि डिसेंबरात देवगावच्या तहाने, निजाम व भोसले यांच्या दुअंमलाखाली असलेला वऱ्हाड एकट्या निजामाकडे गेला. लढाई दोन प्रहरांत आटोपली असेल, पण तिच्यामुळे वसुलाचे दप्तर बदलले, अंमलदार बदलले, इजारदार बदलले. पुढे १८५३ साली निजामाकडे थकलेल्या फौजखर्चाच्या फेडीसाठी हाच वऱ्हाड इंग्रजांकडे लावून देण्यात आला. ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची जी पलटण होती तिचा पगार आमच्या शेतांच्या साऱ्यातून भागवावा असा तो करार होता. माझे पणजोबा आणि त्यांचे वडील आयुष्यभर आऊत धरून राहिले, कोणत्याही रणांगणावर गेले नाहीत. तरी दर साल चावडीवर ते जो सारा भरीत त्यातून संगिनी विकत घेतल्या जात. चित्रात मोजून घेणारा कोणी नाही असे आत्याला दिसले. दप्तरात मात्र तो पुष्कळ काळ बसलेला होता, आणि त्याचा हिशेब चोख होता.

आता एका आक्षेपाचा विचार मला टाळता येणार नाही, कारण तो ज्यांनी घेतला ते माझ्या आदराचे स्थान होते. आमच्या भागातील एक निवृत्त सुभेदार, तीन युद्धे पाहिलेले, चित्रापुढे उभे राहून मला म्हणाले, “मास्तर, त्या युद्धानं कोटभर माणसांना घरी परत जाता आलं. त्याच युद्धावर तुम्ही असं चित्र काढलंत?” त्यांचे म्हणणे खरे होते. १९७१ सालचे ते युद्ध अन्यायाचे होते असे मी त्या वेळी मानले नाही आणि आजही मानीत नाही; पूर्व बंगालमध्ये त्या वर्षी जे घडले ते थांबविणे आवश्यक होते, आणि ज्यांनी ते प्राण देऊन थांबविले त्यांच्यापुढे माझे मस्तक नम्र आहे. तरीही विजयाच्या जाहीरनाम्यात ज्याची गणना होत नाही ते कोठे तरी लिहून ठेवले गेले पाहिजे, अशी माझी भावना होती. विजयाचे वृत्त सगळ्या गावाने एकत्र ऐकले, पेढे वाटले, शाळेला सुट्टी मिळाली. तार मात्र एकाच घरात वाचली गेली. न्याय्य युद्धाची किंमत ही अन्याय्य युद्धाच्या किमतीइतकीच, त्याच नाण्यांत, त्याच घरांकडून वसूल केली जाते, आणि म्हणून न्याय्य युद्धाच्या वेळी ती मांडून ठेवणे अधिकच अगत्याचे आहे. सुभेदारांना हे मी सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग खाकी पिशवीकडे पाहून त्यांनी विचारले की ही पिशवी उघडी का दाखविली नाही. ती उघडण्याचे धैर्य मला नव्हते, असे मी उत्तर दिले, आणि ते उत्तर त्यांना पटले असे दिसले. २०१३ साली तारखाते बंद झाले. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव दलाचे चाळीस जवान मारले गेले, त्यांत आमच्या जिल्ह्यातील दोघे होते: एक मलकापूरचा, दुसरा लोणार तालुक्यातील एका खेड्याचा. त्यांच्या दारी वार्ता आली ती खाकी पिशवीतून आली नाही. चित्रातील पिशवी तरीही मी तशीच ठेवली आहे.

२०२० सालच्या जून महिन्यात लोणारचे पाणी गुलाबी झाले. देशभर त्याची छायाचित्रे पसरली, आणि ज्यांनी माझे चित्र पूर्वी कधी पाहिले होते त्यांपैकी पुष्कळांना एकाएकी त्याची आठवण झाली. ‘सर, तुमची भविष्यवाणी खरी ठरली’ अशा अर्थाचे निरोप येऊ लागले. पाण्याच्या नमुन्यांची तपासणी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत झाली आणि निष्पन्न झाले ते असे की, उन्हाळ्याने पाणी आटून खारटपणा वाढला असता त्यात वाढणाऱ्या लवणप्रिय सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता. पुढे पाऊस झाल्यावर तो गेला. माझ्या चित्रातील लाल रंगाचा उगम निराळा आहे. दैत्यसूदनाने लवणासुराचा वध केला, सरोवरातील पाणी हे त्या असुराचे रक्त आणि त्यातील क्षार हे त्याचे मांस, अशी कथा लोणारच्या आसमंतात पूर्वापार सांगितली जाते. ती मी लहानपणी ऐकली होती, आणि जेथे वध झाला तेथील पाणी हिरवे कसे राहील, हा बालपणीचा प्रश्न मी रंगाने सोडविला होता.

भविष्यवाणीची ही स्तुती मला स्वीकारता आली नाही. दालीने १९३६ साली शिजलेल्या घेवड्यांसह एक छिन्नविच्छिन्न देह रंगविला, आणि स्पेनमध्ये यादवीची ठिणगी पडल्यावर त्या चित्राला ‘यादवी युद्धाची पूर्वसूचना’ हे नाव जोडले, असे अभ्यासक म्हणतात. चित्र श्रेष्ठ आहे, परंतु ते नाव मला कधी रुचले नाही. युद्धाची पूर्वसूचना मिळते असे एकदा मानले की युद्ध हे उल्कापाताप्रमाणे आकाशातून कोसळणारे काही तरी ठरते. लोणारचे विवर खरोखरच तसे झाले आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, त्यानंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख समजले जाई. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी तेथील खडकांत आघाताच्या दाबाने निर्माण झालेली काच दाखवून हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्कापातानेच झाल्याचे सिद्ध केले. मी ते रंगवीत होतो तेव्हा हा निर्णय प्रसिद्ध व्हावयाचा होता. त्या आघातापाठीमागे कोणाची इच्छा नव्हती, कोणाची मोहोर नव्हती, कोणाचा द्वेष नव्हता.

त्याच जिल्ह्यात सिंदखेडराजाला लखुजी जाधवरावांची समाधी आहे. जिजाबाईंचे पिते, मोठ्या दौलतीचे धनी. १६२९ साली निजामशहाने त्यांना दौलताबादेच्या दरबारात बोलावून पुत्रपौत्रांसह ठार करविले. तो वध आकाशातून कोसळला नाही. कोणी तरी तो योजला, कोणी हुकूम दिला, कोणी दरवाजे बंद केले, आणि त्या सर्वांना नावे होती. लोणार आणि सिंदखेडराजा यांच्यामध्ये फारसे अंतर नाही. मी तो प्रवास अनेकदा केला आहे, आणि दर वेळी मला वाटत आले आहे की ज्याला युद्धाविषयी काही म्हणावयाचे आहे त्याने ही दोन्ही स्थळे एकाच दिवशी पाहावीत.

गेल्या पावसाळ्यात जिल्ह्यातील चित्रकारांचे एक प्रदर्शन भरविण्याच्या खटपटीत असलेला एक तरुण कलाशिक्षक माझ्याकडे आला आणि त्याने ‘वेचणी’ मागून नेले. गुलाबी पाण्याचे एक मोठे छायाचित्र शेजारी टांगावे आणि खाली ‘पन्नास वर्षांपूर्वीचे भाकीत’ असे लिहावे, असा त्याचा बेत होता. प्रेक्षक त्यामुळे थांबतील, असे तो म्हणाला, आणि त्याचा हेतू निर्मळ होता. मी त्याला छायाचित्र टांगू दिले नाही. चित्राखालच्या पट्टीवर कॅनव्हासवर तैलरंग, १९७२, इतके लिहावे. तिकिटाचा उल्लेख ‘शरणार्थी साहाय्याचे टपाल तिकीट, किंमत पाच पैसे’ असा वेगळ्या ओळीत करावा. आणि कोणी विचारल्यास बोंड अमेरिकन जातीचे आहे हे सांगावे, असे मी त्याला लिहून दिले.